वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद आणि देवगिरी एका दिवसात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघून अंधार पडेपर्यंत परत येणाऱ्या मंडळींना मी गाइड म्हणून या वाटेवर फिरवतो. फोनवर, गाडीत, किल्ल्याच्या पायऱ्यांवर बसून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी वाचावेत, म्हणजे तिथे गेल्यावर वेळ बघण्यात जातो, ठरवण्यात नाही.

एका दिवसात हे सगळं खरंच बघून होतं का?

सगळं होत नाही. चार ठिकाणं नीट होतात: देवगिरीचा किल्ला, खुलताबाद, घृष्णेश्वर आणि वेरूळची लेणी. याच दिवसात बीबी का मकबरा, पाणचक्की आणि जमलं तर औरंगाबाद लेणीही कोंबणाऱ्या सहली आहेत. त्यांत वेरूळच्या मुख्य आकर्षणाच्या, म्हणजे अखंड डोंगरातून कोरलेल्या कैलास लेण्याच्या, वाट्याला अर्धा-पाऊण तास येतो. माणसं आत जातात, हत्तीजवळ फोटो काढतात आणि गाडीचा हॉर्न ऐकून परततात. शंभर-दीडशे मैलांवरून आलेल्या माणसाचं यात फार नुकसान होतं.

माझा आग्रह असा: वेरूळला किमान साडेतीन तास, त्यातला दीड तास एकट्या कैलासला. हे जमत नसेल तर दुसरं काहीतरी गाळा. मकबरा आणि पाणचक्की शहरातच आहेत, दुसऱ्या दिवशी सकाळी तासा-दोन तासांत होतात. देवगिरीचा माथा गाळला तरी चालेल. वेरूळचा वेळ मात्र कापू नका.

कोणता वार चांगला?

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद असतो. या दोन वारांची अदलाबदल डोक्यात करून निघालेली कुटुंबं मी बंद फाटकासमोर उभी पाहिली आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी वार बघा.

सोमवारी लेणी उघडी असतात, पण घृष्णेश्वराला रांग मोठी. श्रावणातला सोमवार असेल तर दर्शनातच अर्धा दिवस जाऊ शकतो. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून लोक रात्रभर पायी येतात. तो सोहळा बघायचा असेल तर जरूर या, पण त्या दिवशी लेण्यांची घाई ठेवू नका. निवांत बघायचं असेल तर बुधवार ते शुक्रवार.

आधी लेणी की आधी किल्ला?

आधी किल्ला. यामागे दोन कारणं आहेत.

एक म्हणजे चढ. देवगिरी सकाळी आठच्या आत सुरू केला तर डोंगराच्या सावलीत बराच भाग होतो. उन्ह वर आल्यावर तोच चढ दुप्पट वाटतो.

दुसरं कारण उजेडाचं. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम अंगाला कोरलेली आहेत, बहुतेकांची तोंडं पश्चिमेकडे आहेत. सकाळी आत काळोख असतो. दुपार कलली की उन्हं सरळ आत शिरतात. दहाव्या लेण्यातला बुद्ध, कैलासच्या भिंतींवरचे शिल्पपट, बत्तिसाव्या लेण्यातले खांब तेव्हा खरे दिसतात. सकाळी गर्दी कमी असते हे खरं, त्यामुळे फक्त लेणीच बघायची असतील तर उलट क्रम धरायलाही हरकत नाही. पण मला निवड करायची झाली तर मी उजेड निवडतो.

रस्ताही या क्रमाला धरूनच आहे. शहरातून दौलताबाद, म्हणजेच देवगिरी, सुमारे १५ किलोमीटर, पुढे घाट चढून खुलताबाद, आणि घाट उतरून वेरूळ साधारण ३० किलोमीटरवर. घृष्णेश्वराचं देऊळ लेण्यांपासून अगदी जवळ. सुटीच्या दिवशी दौलताबादच्या पुढे जुन्या तटबंदीतल्या दरवाजातून गाड्यांना एकेक करून जावं लागतं, तिथे खोळंबा होतो. सातच्या सुमारास शहर सोडलं तर जातानाचा खोळंबा चुकतो.

देवगिरी किती चढावा लागतो? गुडघे दुखणाऱ्यांनी काय करावं?

किल्ल्याचे दोन भाग समजून घ्या. खालचा भाग जवळपास सपाट आहे: महाकोट, हत्ती हौद, भारतमाता मंदिर, चांद मिनार. ज्येष्ठ मंडळी तासाभरात हे सावकाश बघू शकतात. त्यापुढे पायऱ्या सुरू होतात, चिनी महाल लागतो, मग खंदक, अंधारी म्हणजे अंधारं भुयार, आणि शेवटी माथ्याजवळची बारादरी, हा एक महाल. वर जायला आणि उतरायला मिळून अडीच-तीन तास धरा.

गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी खंदकापर्यंत यावं असं मी सुचवतो. खंदकाच्या काठावरून तासलेला कडा दिसतो आणि हा किल्ला अजिंक्य का मानला जात होता ते तिथेच कळतं. डोंगराचा नैसर्गिक उतार छिन्नीने उभा तासून काढलेला आहे, घोरपडीलाही पकड मिळू नये असा. वर जायचा रस्ता एकच, तोही डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या अंधाऱ्या भुयाराचा. अंधारीत वटवाघळं असतात, वास असतो, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत. टॉर्च जवळ ठेवा. दम्याचा किंवा बंद जागेचा त्रास असेल तर आत जायच्या आधी गाइडला सांगा. तो भाग टाळणं शक्य आहे का, ते त्या दिवशीच्या व्यवस्थेवर ठरतं.

बारादरीजवळून खाली बघितलं की तटबंद्यांची वर्तुळं एकात एक दिसतात. एवढ्या चढाचं सार्थक तिथे होतं.

देवगिरीचा इतिहास अलाउद्दीन आणि तुघलकापुरताच आहे का?

नाही, आणि मला हा प्रश्न आवडतो. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने रामचंद्रदेव यादवाला इथे वेढलं, १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि गावाचं नाव दौलताबाद केलं, हे शाळेत सगळे शिकतात. पण त्याआधी बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने ही राजधानी वसवली, आणि पुढची शंभरेक वर्षं मराठी मुलखाचा कारभार इथून चालला. हेमाद्री पंडित, म्हणजे हेमाडपंत, याच दरबारातला. ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण केली, तेव्हा शेवटी त्यांनी ज्या राजाचा उल्लेख केला तो हाच रामचंद्र. ग्रंथ संपला आणि सहा वर्षांत या तटांवर खिलजीची फौज आली. किल्ल्यात उभं राहून हे दोन सन शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट बहुतेक सहलींमध्ये राहून जाते. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळात जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते. पैठणहून आलेले एकनाथ त्यांच्याकडे इथेच शिकले. म्हणजे भागवत धर्माच्या परंपरेतलं एक मोठं गुरुकुल या लष्करी ठाण्यात होतं. स्वामींची समाधी गडावर आहे. वारकरी घरातली माणसं सोबत असतील तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा, त्यांची पावलं गडावर वेगळी पडतात.

मुघलांनी १६३३ मध्ये हा किल्ला निजामशाहीकडून घेतला. कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह गोवळकोंडा पडल्यावर, १६८७ नंतर, चिनी महालात कैदेत होता. महालावरच्या निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडे तुकडे अजून शिल्लक आहेत. वर मेंढा तोफ आहे, मागच्या बाजूला मेंढ्याचं तोंड असलेली. मुलं तिथून हलत नाहीत.

भारतमाता मंदिर खरं तर काय आहे?

खांब जुन्या देवळांचे आहेत. खिलजी राजवटीत, १३१८ च्या सुमारास, त्यांचाच वापर करून इथे जामा मशीद उभी राहिली. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात सामील झाल्यावर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. एकाच अंगणात तीन काळ आहेत. मी तिन्ही सांगतो, कारण त्यातला एक जरी गाळला तरी समोरचे खांब समजत नाहीत.

खुलताबादला का थांबायचं? तिथे फक्त औरंगजेबाची कबर आहे ना?

खुलताबाद हे दक्षिणेतल्या सूफी परंपरेचं फार महत्त्वाचं गाव आहे. चिश्ती परंपरेतले बुऱ्हानुद्दीन गरीब आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे इथे समोरासमोर आहेत. औरंगजेबाची कबर जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. वर छत नाही, साधी मातीची कबर. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून हैदराबादच्या निजामाने बसवलेली. पहिल्या निजामाची कबर समोरच्या दर्ग्यात आहे.

मराठी माणसाने ती का बघावी, असं काही जण चिडून विचारतात. मी त्यांना सांगतो की १६८१ च्या अखेरीस औरंगजेब दक्षिणेत उतरला, तो परत दिल्लीला गेलाच नाही. संभाजीराजे गेले, राजाराम गेले, ताराबाई उभ्या राहिल्या आणि राज्य टिकलं. १७०७ मध्ये अहमदनगरला तो मेला आणि इथे पुरला गेला. पंचवीस वर्षांच्या त्या लढ्याचा शेवट कुठे झाला, हे बघायचं असेल तर ती जागा ही आहे. ज्यांना जायचं नसेल त्यांनी जाऊ नये, भद्रा मारुतीला जावं. आम्ही कुणावर सक्ती करत नाही. या भागात बंदोबस्त असतो, ओळखपत्र जवळ ठेवा, घोषणाबाजी करू नका, व्हिडिओ काढण्याआधी विचारा.

भद्रा मारुती निद्रिस्त आहे, आडवा पहुडलेला. अशी मूर्ती फार थोड्या ठिकाणी आढळते. खुलताबादमध्येच मलिक अंबरची कबर आहे. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, त्याने १६१० च्या सुमारास खडकी गाव वसवलं आणि तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. गनिमी काव्याने मुघलांना त्याने कितीतरी वर्षं रोखून धरलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी लढले, शरीफजी तिथेच पडले. एवढं सगळं असून या कबरीकडे सहसा कुणाची गाडी वळत नाही. वीस मिनिटं काढाच.

घृष्णेश्वराला काय नियम आहेत?

गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा, बनियन काढावं लागतं. कमरेचा पट्टा, चामड्याचं पाकीट बाहेर. स्त्रियांना गाभाऱ्यात जाऊन दर्शन घेता येतं. मोबाइल आणि कॅमेरा आत नेता येत नाही, म्हणून गटातल्या एकाने बाहेर थांबून सामान सांभाळायचं आणि मग पाळी बदलायची, हे उत्तम. ज्यांना सदरा काढायचा नसतो ते सभामंडपातून दर्शन घेतात.

बारा ज्योतिर्लिंगांत याचं नाव शेवटी येतं. देऊळ लाल दगडाचं आहे, शिखरावर दशावतार कोरलेले आहेत. रांगेत सगळ्यांचं लक्ष पुढे असतं, म्हणून मी लोकांना आधीच बाहेरून एक प्रदक्षिणा घालायला लावतो. आजचं बांधकाम अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं. त्याआधी मालोजीराजे भोसल्यांनी जीर्णोद्धार केला होता. मालोजींचे वडील बाबाजी भोसले वेरूळचे पाटील. म्हणजे शिवाजी महाराजांच्या पणजोबांचं हे गाव. मालोजीराजांच्या गढीचे अवशेष गावात आहेत, ते बघायला पाच मिनिटं पुरतात. अहिल्याबाईंच्या काळातलं शिवालय तीर्थ हे पायऱ्या-पायऱ्यांचं कुंड जवळच आहे, तिथे देवळातली गर्दी पोचत नाही.

कैलास लेणं खरंच वरून खाली कोरलं आहे का?

हो. हे मी तोंडाने सांगण्यापेक्षा तुम्हीच बघा. लेण्याच्या दक्षिणेकडून डोंगरावर जाणारी वाट आहे. ती उघडी असेल तर आत शिरण्याआधी वर जा. वरून कळतं की आधी तीन बाजूंनी खंदक खणला, मधे डोंगराचा एक ठोकळा सुटा ठेवला आणि त्या ठोकळ्यातून देऊळ काढलं. खंदक लांबीला सुमारे ८४ मीटर, रुंदीला ४७ मीटर, आणि मागची भिंत सुमारे ३३ मीटर उंच. शिखर आधी झालं, पाया शेवटी. बांधकामात चिरा चुकला तर बदलता येतो, इथे ती सोय नव्हती.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, मुख्य देऊळ झालं. आवारातली काही लेणी आणि ओवऱ्यांचं काम पुढच्या राजांच्या काळात चालू राहिलं असं अभ्यासक मानतात. त्याच वंशातल्या कर्काचा ८१२-१३ सालचा बडोद्याचा ताम्रपट आहे. त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचं वर्णन येतं: आकाशातून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, आणि घडवणारा शिल्पीही म्हणाला की हे माझ्याच्याने कसं झालं. बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसांनाही ते आपल्याइतकंच अचाट वाटत होतं.

लोककथाही आहे. राजा आजारी पडला, राणीने नवस केला की बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. एवढ्या लवकर शिखर कोण दाखवणार? पैठणचा कोकस पुढे आला आणि त्याने शिखरापासूनच सुरुवात केली. ही कथा आहे, इतिहास नाही. पण ती रचणाऱ्याला देऊळ वरून खाली आलं हे ठाऊक होतं.

हे माणसांनी केलं नाही, परग्रहवासीयांनी केलं, असे व्हिडिओ बघितले. खरं काय?

माणसांनी केलं. वेरूळमध्ये छिन्नीच्या खुणा जागोजागी आहेत, उजेड तिरका असताना त्या भिंतींवर स्वच्छ दिसतात. आणि अर्धवट सोडलेली कामं आहेत, तीच सगळ्यात मोठा पुरावा. तिसाव्या क्रमांकाचं जैन लेणं, छोटा कैलास, याच पद्धतीने वरून कोरायला घेतलं आणि पुरं झालं नाही. कुठे खांबाचा नुसता चौकोन काढून ठेवलाय, कुठे मूर्तीचा बाह्याकार आहे आणि चेहरा नाही. काम कोणत्या पायरीने पुढे जात होतं, ते त्यातून वाचता येतं.

कैलासच्या आधी इथे दोन-अडीचशे वर्षं लेणी कोरली जात होती. त्याच्याही आधी अजिंठा, कार्ले, भाजे, पितळखोरा. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये काम करण्याचं ज्ञान जवळपास हजार वर्षं साठत आलं होतं. कैलास त्या ज्ञानाचा कळस आहे. पाथरवटांच्या कितीतरी पिढ्यांनी कमावलेलं श्रेय एका व्हिडिओने काढून घ्यावं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कैलासमध्ये नक्की काय बघायचं?

दारातून आत आल्याबरोबर समोर कमळांत बसलेली गजलक्ष्मी. तिथून बहुतेक लोक डावीकडच्या हत्तीकडे पळतात. तुम्ही दोन्ही ध्वजस्तंभ बघा, मग देवळाच्या जोत्याभोवती चाला. हत्तींचा थर आख्खं देऊळ पाठीवर घेऊन उभा आहे. एका अंगाला महाभारताचे पट, दुसऱ्या अंगाला रामायणाचे. दक्षिणेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण आहे: वीस हातांचं बळ लावतोय, वर पार्वती बिलगली आहे, एक सखी घाबरून पळतेय, आणि शिव नुसता पाय दाबून शांत बसला आहे. या एका शिल्पासमोर पंधरा मिनिटं बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचंच बरोबर आहे.

मग वरच्या मजल्यावर जा. मंडपाच्या छतावर आणि पडवीत रंगांचे अवशेष आहेत. एके काळी सगळं देऊळ गिलावा करून रंगवलेलं होतं, म्हणून त्याला रंगमहाल असंही म्हणत. काळा दगड बघताना हे लक्षात ठेवा. मूर्तींना हात लावू नका, हत्तींवर मुलांना बसवू नका. रंगांवर फ्लॅश मारू नका.

बाकी ३३ लेण्यांपैकी कोणती निवडावीत?

१ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. वेळ कमी असेल तर माझी निवड १०, १२, १५, २१, २९ आणि ३२ अशी असते.

दहावं, विश्वकर्मा किंवा सुताराचं लेणं, हे इथलं एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. छताला दगडातच लाकडी वासे कोरले आहेत. समोर स्तूपाला पाठ लावून बुद्ध बसलेला. इथे हळू आवाजात म्हटलेलं बुद्धवंदनेचं एक चरण छतात घुमून परत येतं. बौद्ध उपासक सोबत असले तर आम्ही बाकीचे बाहेर थांबतो. बारावं तीन ताल, तीन मजली विहार. वरच्या मजल्यावर ओळीने बसलेले सात बुद्ध बघायला पायऱ्या चढाव्याच. पंधराव्यात राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा शिलालेख आहे. एकविसाव्याच्या, रामेश्वराच्या, दारातली मकरावर उभी गंगा तर चुकवूच नका. एकोणतिसावं घारापुरीच्या लेण्याची आठवण करून देतं, आणि पावसाळ्यात शेजारी सीतेच्या न्हाणीवर धबधबा पडतो.

जैन लेणी एका टोकाला आहेत, म्हणून थकलेले गट ती सोडून देतात. तसं करू नका. आत फिरणारी गाडी मिळते. बत्तिसावी इंद्रसभा ही वेरूळमधली सगळ्यात नाजूक कोरणी आहे: आंब्याखाली सिंहावर बसलेली अंबिका, अंगावर वेली चढलेला बाहुबली, आणि वरच्या मजल्याच्या छतावर टिकून राहिलेले रंग.

तीन धर्मांची लेणी एकाच डोंगरात, आणि काही तर एकाच काळात कोरली जात होती. युनेस्कोने १९८३ मध्ये वेरूळला जागतिक वारसा ठरवताना याच सहजीवनाची दखल घेतली.

गाइड घ्यावाच का? चांगला कसा ओळखायचा?

मी गाइड आहे, तेव्हा माझं उत्तर हो असणारच, पण कारणही देतो. वेरूळमध्ये माहितीफलक थोडके आहेत आणि शिल्पं गोष्टींनी भरलेली आहेत. ओळखपत्र बघा, पर्यटन विभागाचं किंवा पुरातत्त्व खात्याचं असतं. पैसे आणि वेळ आधी ठरवा. मराठीत सांगणार का, हेही विचारा. "हे कशावरून?" हा प्रश्न घाला. जो शिलालेख, ताम्रपट किंवा समोरचा दगड दाखवतो तो चांगला. जो प्रत्येक लेण्यात गुप्त भुयार सांगतो त्याला थांबवा.

तिकीट किती?

हे लिहिताना भारतीयांना वेरूळला ४० रुपये आणि देवगिरीला २५ रुपये आहेत, परदेशी पाहुण्यांना अनुक्रमे ६०० आणि ३००. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी कुटुंबांनी ओसीआय कार्ड सोबत आणावं, त्यावर भारतीय दर लागतो. दोन्ही तिकिटं ऑनलाइन निघतात आणि थोडी स्वस्त पडतात. देवळांना आणि दर्ग्यांना तिकीट नाही.

कपडे, चपला, पाणी?

सुती, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. दर्ग्यासाठी डोक्यावर घ्यायला ओढणी किंवा रुमाल. काही दर्ग्यांत अगदी आतल्या भागात स्त्रियांना सोडत नाहीत, तिथे विचारून घ्या. पायात पट्ट्याच्या सँडल किंवा बूट. माणशी दोन लीटर पाणी, उन्हाळ्यात तीन. खाण्याच्या पिशव्या हातात मिरवू नका, किल्ल्यावर आणि लेण्यांत वानरं आहेत. कड्यांना मधमाश्यांची मोहळं लागलेली असतात, तिथे आरडाओरडा, धूर, उग्र अत्तर नको.

लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत चालतील का?

चालतील, गट दोन भागांत करा. किल्ल्यावर तरुण मंडळी वर जातात तेव्हा बाकीचे खाली भारतमाता मंदिराच्या सावलीत थांबतात. कैलासचं अंगण फारसं न चढता बघता येतं, वरच्या मजल्याला पायऱ्या आहेत. मुलांना आदल्या रात्री रावणाची आणि कोकसाची गोष्ट सांगून ठेवा. मग लेण्यात तीच तुम्हाला शिल्पं दाखवत फिरतात.

जेवण कुठे?

वेरूळ गावात आणि लेण्यांच्या बाहेर साधी हॉटेलं आहेत. भाकरी, पिठलं, शेवभाजी मिळते. नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायचा तर तो शहरातलाच. संध्याकाळी परतल्यावर खा. पावसाळ्यानंतर दौलताबादच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागतात. परतीच्या वाटेवर घ्या, सकाळी घेतलेली गाडीत पिकून फुटतात.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला सोपं. मला स्वतःला ऑगस्ट-सप्टेंबर आवडतो, डोंगर हिरवा आणि पाणी वाहतं, पण पायऱ्या निसरड्या होतात. एप्रिल-मेमध्ये यायचंच असेल तर किल्ल्याचा माथा सोडा.

गाडीवाल्याने पैठणीच्या दुकानात नेलं तर?

निघतानाच सांगा, दुकान नको. या थांब्यावर सहज एक तास जातो, आणि तो लेण्यांच्या वेळातून जातो. पैठणी किंवा हिमरू (इथलं विणलेलं नक्षीदार कापड) घ्यायची असेल तर वेगळा वेळ काढून घ्या. विणकराच्या मागापाशी बसून घेतलीत तर आणखी चांगलं.

स्वतःच्या गाडीशिवाय येता येतं का?

येतं. शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नड-चाळीसगावकडे जाणाऱ्या एसटी दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळवरून जातात. पण एसटीने चारही ठिकाणं एका दिवसात नीट होत नाहीत, दोन होतात. चौघे असाल तर दिवसभराची टॅक्सी परवडते. मुंबई-नाशिक किंवा नागपूरकडून समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांना दौलताबादजवळच्या माळीवाड्याला उतरता येतं, म्हणजे शहरात न शिरता थेट किल्ल्यावर जाता येतं.

आणखी एक दिवस मिळाला तर?

सकाळी विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांना जा. लोक फार कमी असतात, आणि सातव्या लेण्यातली नर्तकी आणि वादक स्त्रियांचं शिल्प बघण्यासारखं आहे. मग मकबरा. दुपारनंतर वेळ उरला तर अजिंठ्याचा विचार करू नका, तो शंभर किलोमीटरवर आहे आणि त्याला स्वतंत्र दिवस लागतो. त्याऐवजी पैठणला जा, दीड तासात पोचता. देवगिरीवर जनार्दनस्वामींची समाधी बघितली असेल, तर गोदाकाठी नाथांची समाधीही बघून होईल.